खुबेबदलाची शस्त्रक्रिया आणि आमचे सहजीवन

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझा डावा खुबा बदलण्यात आला. या शस्त्रक्रियेची तयारी, तिचा खर्च आणि नंतरचे व्यायाम यांबद्दल मराठीत बऱ्यापैकी माहिती मिळते. मात्र खुबा दुखू लागल्यापासून तो बदलून पुन्हा नीट चालता येईपर्यंतच्या काळात नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांचे काय होते, याबद्दल मी शस्त्रक्रियेआधी पुष्कळ शोधूनही मला मराठीत काही सापडले नाही. तोच भाग मी येथे घडला त्या क्रमाने लिहीत आहे, कारण हा प्रश्न मनात घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेल्या आणि तसाच घरी घेऊन गेलेल्या स्त्रिया मी नंतर पाहिल्या.

दुखणे २०२० च्या सुमारास सुरू झाले. ते खुब्यावर बाहेरच्या बाजूला नव्हते, तर डाव्या जांघेत आत होते आणि तिथून मांडीत उतरत असे. त्यामुळे पहिली दोन वर्षे ते कमरेचे दुखणे समजून त्यावर उपचार झाले. त्या दवाखान्यात पाठदुखीच्या रुग्णांकडून एक इंग्रजी प्रश्नावली भरून घेत. त्यातील एक विभाग लैंगिक जीवनाविषयी होता, आणि कागद हातात देण्याआधीच मदतनीस मुलीने त्या विभागावर पेनने काट मारली होती. "हे सोडून द्या मॅडम, हे कुणी भरत नाही," असे ती म्हणाली. मीही पुढच्या प्रश्नाकडे वळले. वास्तविक मला सर्वांत जास्त त्रास कशाचा होत आहे हे विचारणारा तेवढा एकच प्रश्न त्या कागदावर होता.

खुबा हा उखळीचा सांधा. तो झिजला की सरळ चालताना त्रास होतोच, पण पाय बाहेरच्या बाजूला नेताना किंवा मांडी बाहेर वळवताना तो अधिक होतो. स्कूटरवर मागे बसताना, रिक्षात चढताना, मांडी घालून जेवायला बसताना मला तो जाणवत असेच. आणि शरीरसंबंधाच्या वेळी स्त्रीला बहुधा नेमकी हीच हालचाल करावी लागते. सुरुवातीला मी दात आवळून सहन केले. पुढे दुखेल या धास्तीने आधीच अंग आखडू लागले, आणि अंग आखडले की वेगळ्याच जागी दुखू लागले. मी आधी कूस बदलून झोपू लागले, मग मुद्दाम लवकर झोपू लागले आणि शेवटी मुलीचे दहावीचे वर्ष आहे या सबबीवर तिच्या खोलीत झोपू लागले. आमच्यात भांडण झाले नाही. नवऱ्याने काही विचारले नाही आणि मी काही सांगितले नाही. मला आता त्याच्याबद्दल काही वाटत नाही असे तो तीन वर्षे धरून चालला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले.

ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी उभे करून कटिभागाचा एक्स-रे काढायला लावला आणि पाच मिनिटांत निदान झाले. माझ्या दोन्ही खुब्यांच्या वाट्या जन्मापासूनच उथळ आहेत. त्यातील डाव्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पूर्ण झिजून हाडावर हाड घासत होते. या दोषाला डिसप्लेसिया म्हणतात. तो मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये बराच जास्त आढळतो आणि पायाकडून जन्मलेल्या बाळांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. मी पायाळू. लहानपणी गावी कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या घरी येऊन पालथा झोपत असे आणि आजी मला त्याच्या कमरेवर पाय लावायला सांगत असे. तान्ह्या बाळाचे खुबे डॉक्टर हाताने तपासतात आणि शंका आली तर सोनोग्राफीने तपासणी करता येते. तुमच्या घरात पायाळू मुलगी जन्मली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ही तपासणी झाली का, एवढे अवश्य विचारावे.

शस्त्रक्रियेचा सल्ला लगेच मिळाला, तरी ती व्हायला सव्वा वर्ष गेले. एक कारण मुलीची दहावी, आणि दुसरे आरोग्य विमा. आमची पॉलिसी सप्टेंबर २०२२ मधली होती आणि सांधेबदलासाठी तीत २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ होता. तो सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. ऑक्टोबरमध्ये रुग्णालयाच्या विमा कक्षामार्फत पूर्वमंजुरीचा अर्ज गेला, तेव्हा टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, विचारणा आली की हा आजार जन्मजात आहे काय, लंगडणे कधीपासून आहे आणि पॉलिसी घेतेवेळी ते का सांगितले नाही. येथे डॉक्टरांच्या पत्राचा उपयोग झाला. निदान २०२३ मध्ये प्रथमच झाले, दोष बाहेरून दिसणारा नाही आणि शस्त्रक्रिया झिजेमुळे होणाऱ्या संधिवातासाठी आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहून दिले. जुने एक्स-रे आणि कमरेच्या उपचारांचे कागद मी जपून ठेवले होते, तेही जोडले. मंजुरी आली. अंदाजपत्रक ३ लाख ४० हजार रुपयांचे होते. ज्या वस्तू विम्यात बसत नाहीत त्यांचे आणि खोलीच्या भाड्यातील फरकाचे मिळून सुमारे ३८ हजार रुपये आम्ही भरले. खोलीचे भाडे पॉलिसीतील मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये बाकीच्या काही खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. म्हणून खोली निवडण्याआधी ते कलम वाचावे.

या सव्वा वर्षात माझी अनेकदा तपासणी झाली. डॉक्टर दर वेळी एका ठरलेल्या तक्त्यावरून प्रश्न विचारून गुण मांडत. हा हॅरिस हिप स्कोअर १९६९ पासून जगभर वापरला जातो. किती अंतर चालता, काठी लागते का, जिना कसा चढता, मोजे घालता येतात का, खुर्चीत किती वेळ बसता, बसमध्ये किंवा गाडीत चढता येते का, असे त्याचे प्रश्न आहेत. शरीरसंबंधांविषयी त्यात प्रश्न नाही. ही अडचण आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेतील सांधेबदल करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी आपण हा विषय रुग्णांशी क्वचितच काढतो किंवा कधीच काढत नाही, असे सांगितले होते. डॉक्टर विचारतील याची वाट न पाहता आपणच विचारायचे, असे मी ते वाचल्यावर ठरवले.

तरीही तोंडाने विचारणे मला जमेना. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर असत, दार अर्धे उघडे असे आणि पुढचा रुग्ण दारात उभा असे. म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून नेले. स्वयंपाक कधी, दुचाकी कधी, ऑफिस कधी, आणि चौथा प्रश्न: "पतीपत्नी संबंध कधी सुरू करता येतील, कोणत्या स्थितीत सुरक्षित आहेत आणि कोणत्या टाळाव्यात?" डॉक्टरांनी कागद वाचला, शिकाऊ डॉक्टरांना बाहेर थांबायला सांगितले आणि दार लावून घेतले. ते म्हणाले, "सहा आठवड्यांनी एक्स-रे बघून सांगतो, पण घाई नको. मी सांधा मागच्या बाजूने उघडणार आहे, त्यामुळे कोणती हालचाल चालेल हे फिजिओथेरपीच्या मॅडम तुम्हाला नीट दाखवतील. मी त्यांना चिठ्ठी देतो." हे सर्व तीन-चार मिनिटांत आटोपले. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी पडदा ओढून घेतला आणि प्लास्टिकचा एक खुबा टेबलावर ठेवला. मांडीचे हाड वर उचलून त्यांनी ते आतल्या बाजूला वळवले, तसा त्याचा गोळा वाटीच्या मागच्या कडेवर येऊन अर्धा बाहेर डोकावू लागला. "मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली की सांधा असा निखळतो. गुडघा पोटाकडे ओढला, पाय मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला किंवा पाऊल आत वळले, तर धोका. तिन्ही एकदम झाले तर फारच," असे सांगून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मलाच निखळवून पाहायला लावला. मग उशा घेऊन त्या स्वतः तपासणीच्या पलंगावर आडव्या झाल्या. पाठीवर झोपून गुडघे थोडेसेच वाकवायचे, दोन्ही मांड्यांना बाहेरून आणि खालून उशांचा आधार द्यायचा, म्हणजे पाय स्नायूंनी धरून ठेवावा लागत नाही. वरच्या जोडीदाराने आपला भार स्वतःच्या हातांवर पेलायचा. दुसरी स्थिती म्हणजे न शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर झोपायचे, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवायची आणि जोडीदाराने पाठीमागे असायचे. यात कमरेतून पुढे फार वाकायचे नाही. स्त्रीने वर बसणे, ओणवे होणे आणि गुडघे छातीशी घेणे पहिले काही महिने पूर्ण वर्ज्य. गादी घट्ट हवी. मऊ गादीत कंबर रुतते आणि सांधा नकळत जास्त वाकतो. ज्यांची शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने होते त्यांच्यासाठी धोक्याच्या हालचाली वेगळ्या असतात. त्यांनी पाय मागे ताणून बाहेर वळवणे टाळायचे असते. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने होणार आहे, हे प्रत्येकीने विचारून घेतले पाहिजे. मॅडमच्या सूचनांमागे केवळ अंदाज नव्हता. जिनिव्हातील संशोधकांनी शरीराच्या हालचाली यंत्राने टिपून निरनिराळ्या स्थितींत कृत्रिम सांधा किती वाकतो हे मोजले होते आणि ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले होते. स्त्रियांना धोक्याच्या ठरलेल्या स्थिती त्यात मुख्यतः खुबा फार वाकवणाऱ्या होत्या.

त्याच भेटीत मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "सहा आठवडे ही परवानगीची तारीख आहे, वायद्याची नव्हे. काही नवरे ती दिनदर्शिकेवर खूण करून ठेवतात. तसे असेल तर मला सांगा, मी तीन महिने लिहून देते." अशी चिठ्ठी मागून नेणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे नेहमी येतात. मला ती लागणार नव्हती, पण जिला लागेल तिने ती निःसंकोच मागावी.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीत आणखी एक बाब निघाली. मासिक पाळी अनियमित असल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांनी मला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. "कोणती औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला बहुतेक जणी रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड एवढेच सांगतात, पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांना आपण औषध समजत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेत तो आधीच जास्त असतो. त्यामुळे त्या साधारण चार आठवडे आधी थांबवाव्या लागतात. माझ्या थांबवल्या. गर्भनिरोधनासाठी त्या घेणाऱ्यांनी तोवर दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावा. लघवीचा जंतुसंसर्ग आणि दातांची कीड यांचीही तपासणी करून घेतली, कारण शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असला तर तो नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो.

११ नोव्हेंबरला भरती झाले आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिकी एकादशीला, शस्त्रक्रिया झाली. भूल कमरेखालची होती. सांधा सिमेंटविना बसवलेला, गोळा सिरॅमिकचा आणि वाटीचे अस्तर टिकाऊ पॉलिथिनचे. माझे वय पाहता तो किती वर्षे टिकेल ही चिंता होतीच. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. १३ तारखेला वॉकर धरून उभी राहिले आणि १५ तारखेला घरी आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. ते हुकले, याची रुखरुख राहिली.

घरी आल्यावरची व्यवस्था आपल्याकडच्या बहुतेक घरांत होते तशीच झाली. रात्री मला उठवून कमोडपर्यंत नेण्यासाठी सासूबाई माझ्या खोलीत झोपू लागल्या आणि नवरा बाहेर दिवाणावर. सासूबाईंनी माझी सेवा मनापासून केली, त्यात तिळमात्र उणे नव्हते. पण या व्यवस्थेत नवरा-बायकोने दोन वाक्ये एकांतात बोलावीत अशी जागाच उरत नाही. शस्त्रक्रियेआधी घराची मांडणी ठरवताना कमोडची उंची आणि पलंगाची उंची पाहतात, त्याचबरोबर दिवसातला अर्धा तास दार लावून दोघांना बसता येईल एवढे पाहावे. आमच्याकडे तो अर्धा तास मोज्यांमुळे मिळाला.

गुठळी होऊ नये म्हणून मांडीपर्यंतचे घट्ट पांढरे मोजे दिले होते. खाली वाकण्यास बंदी असल्याने ते मला घालता येत नसत आणि सासूबाईंच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. त्यामुळे ते काम नवऱ्याकडे आले. तो सकाळी ऑफिसला जाण्याआधी पायाला पावडर लावी, मोजा टाचेपर्यंत उलटा करी, आधी बोटे, मग टाच आणि मग सुरकुती पडू न देता इंच इंच वर घेत गुडघ्यापर्यंत आणी. पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरत. गुडघ्याच्या वर येऊन तो थांबे आणि "पुढचे तू ओढून घे" म्हणे, कारण टाक्यांच्या जवळ हात गेला तर आतले काहीतरी सरकेल असे त्याला वाटत असे. मी त्याला एक्स-रे दाखवला, नव्या सांध्याचा दांडा हाडात किती खोल बसला आहे ते दाखवले, आणि कोणत्या तीन हालचाली वाईट आहेत ते मॅडमनी शिकवले तसे शिकवले. त्यानंतर तो मोजा मांडीपर्यंत नेऊ लागला. तीन वर्षांत त्याने माझ्या पायाला असा हात लावलेला नव्हता. त्याच खोलीत, मोजे घालता घालता, तो एके दिवशी मान वर न करता म्हणाला, "मला वाटायचे तुला माझा कंटाळा आला आहे." मी त्याला जांघेतले दुखणे, ते नेमके केव्हा होई आणि मी मुलीच्या खोलीत का गेले, हे सगळे पहिल्यांदा सांगितले. ऑफिसला जायला त्याला त्या दिवशी उशीर झाला.

या काळातील पाळीबद्दल कुणीच सूचना दिली नव्हती. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पाच आठवडे चालू होत्या आणि त्यांमुळे पहिली पाळी फारच जास्त गेली. आधीच शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ९.१ वर आले होते. रुग्णालयात फोन केल्यावर त्यांनी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, असे त्यांनी बजावले. वाकता येत नसताना पॅड बदलणे हीसुद्धा एक कसरत असते. कमोडवर ठेवायची उंच बैठक (आम्हाला १,८०० रुपयांना मिळाली), पुढून उघडणारा गाऊन आणि वस्तू उचलण्याचा लांब चिमटा, एवढ्यावर निभावले. अंगात रक्त नसताना आणि झोप मोडत असताना इच्छा होत नाही. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या मनात तो विचारही आला नाही, आणि ते स्वाभाविक आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मन निवांत झाले.

२४ डिसेंबरला सहा आठवड्यांची तपासणी झाली. एक्स-रे चांगला होता. वॉकर सुटून काठी आली, सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि नवरा आमच्या खोलीत परत आला. डॉक्टरांनी या वेळी आपण होऊन सांगितले की आता हरकत नाही. मात्र त्या तीन हालचाली तीन महिने टाळा. अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड झाला, आत वळला किंवा त्यावर भार देता येईना, तर जागचे न हलता रुग्णवाहिका बोलवा.

संक्रांतीनंतर आम्ही प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडावा लागला. खुबा अजिबात दुखत नव्हता. तीन वर्षे जांघेत ज्या क्षणी कळ येत असे, तो क्षण जवळ येताच ओटीपोटाखालचे सगळे स्नायू आपोआप आवळले गेले आणि मला रडू कोसळले. नवऱ्याने उशा बाजूला केल्या, पांघरूण घातले आणि आपण नुसते झोपू या म्हणाला. सांधा नवा मिळाला तरी शरीराने शिकलेली भीती त्याच्याबरोबर जात नाही, हे मला कुणी आधी सांगितले असते तर त्या रात्री मी इतकी घाबरले नसते.

फेब्रुवारीत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितले की चाळिशीनंतर हार्मोन कमी होऊ लागल्याने योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दीर्घकाळ थांबले असतील तर तो अधिक जाणवतो, आणि स्नायू आवळले जाण्यावर उपचार आहेत. पाण्यावर आधारित वंगणाची जेल त्यांनी लिहून दिली; ती कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. निरोध वापरणाऱ्यांनी खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरू नये, त्याने रबर कमकुवत होते. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ओटीपोटाखालचे स्नायू श्वासाबरोबर सैल सोडण्याचा व्यायाम शिकवला. आवळण्याचा व्यायाम सगळ्याच जणी सांगतात. माझी गरज सोडण्याची होती. संबंधाआधी तासभर डॉक्टरांनी सांगितलेली साधी वेदनाशामक गोळी आणि कोमट पाण्याने अंघोळ यांचाही उपयोग होतो. त्यांनी आम्हा दोघांना आणखी एक पथ्य दिले: काही आठवडे शेवटापर्यंत जायचेच नाही, असे आधीच ठरवून एकमेकांजवळ राहायचे. त्या पथ्याने माझी भीती जितकी गेली, तितकी दुसऱ्या कशाने गेली नसती.

मार्चच्या अखेरीस आमचे संबंध पुन्हा सुरू झाले. उशांसह, कुशीवर, सावकाश. मध्येच "थांब, पाय नीट ठेवू दे" असे म्हणण्याची सवय दोघांनाही लागली आहे. नितंबाच्या बाजूला वीतभर लांब व्रण आहे आणि त्याच्या खालच्या टोकाशी चामडी अजून बधिर आहे. पहिले काही महिने तो मी दिवा मालवूनही झाकत असे. आता झाकत नाही, पण यासाठी काय केले असे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. वेळ गेला एवढेच. लंगडणे मात्र गेले, आणि त्याबरोबर ब्लाउज-साडीत एका बाजूला झुकलेली कंबरही सरळ झाली. आपण बरे दिसतो असे वाटण्याचा इच्छेशी किती संबंध असतो, हे मला या निमित्ताने कळले.

फिजिओथेरपीसाठी जात असताना तिथे ओळखी झाल्या. साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका मला जिन्याजवळ गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "तू मॅडमना ते विचारलेस म्हणे. आमच्या वयात विचारले तर हसतील ना?" मी त्यांना पडद्याआड घेऊन गेले आणि कुणी हसले नाही. दुसरी एक मुलगी अविवाहित, सत्ताविशीची. स्टेरॉइडच्या उपचारांनंतर तिच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. तिच्या आईला एकच घोर होता, की लग्न आणि बाळंतपण होईल ना. कृत्रिम खुबा असतानाही गर्भारपण आणि नैसर्गिक बाळंतपण होऊ शकते, केवळ खुबा बदलला म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. मात्र प्रसूतीतज्ज्ञांना तो आधी सांगावा आणि पाय कसे धरायचे ते ठरवून घ्यावे, हे मॅडमनी त्या माउलीला दोन-तीनदा समजावून सांगितले.

वर्षाची तपासणी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. सांधा पक्का बसला आहे. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि भारतीय पद्धतीचा संडास मला डॉक्टरांनी कायमचा वर्ज्य सांगितला आहे, त्यामुळे गावच्या घरी कमोड बसवून घेतला. शरीरसंबंधांत खुबा फार वाकवणारी स्थिती आजही टाळायला सांगितली आहे. बाकी बंधन नाही. उजव्या खुब्याची वाटीही उथळच आहे, पण तिथली कूर्चा अजून शाबूत आहे, म्हणून वजन आटोक्यात ठेवायचे, पोहायचे आणि दरवर्षी एक्स-रे काढायचा, असे ठरले आहे. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी वरचा चौथा प्रश्न माझ्या शब्दांत उतरवून घेतला तरी चालेल. तो कागदावर लिहून, शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत, शक्यतो नवऱ्याला बरोबर नेऊन विचारावा. डॉक्टरांना वेळ नसेल, तर स्त्री फिजिओथेरपिस्टची स्वतंत्र वेळ मागावी. माझ्या रुग्णालयात त्या वेळेचे ६०० रुपये पडले.